विरजण हलवू नये

परभणीत कुणी म्हणालं, "कोकणात चाललोय, समुद्री कासवांच्या कामाला," की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथं जाऊन काय करायलात पण?" पाठोपाठ दुसरा येतो: "कासव आपलं आपण येतंय, अंडी घालतंय, निघून जातंय. त्यात माणसाचं काय काम?" तिसरा प्रश्न बहुतेक वेळा मनातच राहतो. परभणीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या आसपास. भरती-ओहोटी ज्याने पाहिलेली नाही, त्या माणसाचा कासवाला उपयोग तो काय?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ते एकेक करून सोडवू. आधी कासव, मग अंडं, मग पिल्लू, मग स्वयंसेवक आणि शेवटी पुन्हा परभणी.

१. कोणतं कासव?

मराठीत कासव हा एकच शब्द तीन वेगळ्या संसारांसाठी वापरला जातो. आपल्या विहिरीत आणि तळ्यात दिसतं ते गोड्या पाण्यातलं कासव. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं, माळावर फिरणारं ते जमिनीवरचं कासव. आणि तिसरं समुद्री. देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेल्या दगडी कासवाला आपण वाकून हात लावतो, ते पाहत लहानाचे मोठे होतो आणि संकटात अंग आखडून घेणारा प्राणी म्हणून कासव मनात बसतं. समुद्री कासवाला मात्र हे जमत नाही. त्याला डोकं आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. त्याच्या पायांची वल्ही झालेली असतात. पाण्यात ते सहज तरंगत जातं, वाळूवर मात्र स्वतःचं वजन ओढत, थांबत, धापा टाकत सरकतं. तिथे त्याला पळताही येत नाही, लपताही येत नाही.

नराला वाळूवर यावं लागतच नाही. पिल्लू म्हणून एकदा पाण्यात गेला की तो बहुधा जन्मभर तिकडचाच. मादी येते, तीही फक्त अंडी घालायला. म्हणजे समुद्री कासवाच्या सगळ्या आयुष्यातला किनाऱ्यावरचा वेळ मोजका, पण सगळ्यात जोखमीचा. माणसाचं काम आहे ते एवढ्या तुकड्यात.

भारताच्या समुद्रात समुद्री कासवांच्या पाच जाती आढळतात. कोकणच्या वाळूवर अंडी घालायला येते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले. पाठ ऑलिव्हच्या फळासारखी हिरवट-करडी, लांबी दोन-सव्वादोन फूट, वजन साधारण ३५ ते ५० किलो. ज्वारीचं अर्धं पोतं डोळ्यांसमोर आणा.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे याच जातीच्या माद्या एकाच वेळी लाखोंच्या संख्येने किनाऱ्यावर येतात. कोकणात तसं होत नाही. इथे नोव्हेंबर ते मार्च या काळात एखाद्या रात्री एखादी मादी, कधी या गावच्या पुळणीवर, कधी त्या. ओडिशातली यात्रा लपत नाही, कोकणातला एकटा वारकरी शोधावा लागतो. आणि शोधायचं म्हटलं की रोज चालणारी माणसं लागतात.

२. वेळासला काय घडलं?

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं गाव. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या दक्षिणेला, बाणकोटच्या किल्ल्याजवळ. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासात त्याची नोंद होतीच. कासवांचं गाव ही ओळख मात्र या शतकातली.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ पासून काम करते. २००२ मध्ये भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडांची घरटी मोजत फिरत होते. गरुड शोधताना वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची फुटकी टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं, की कासवं इथे नेहमी येतात आणि त्यांची अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी नेली जातात. गावाला त्यात वावगं वाटत नव्हतं. करवंदं निघतात, कालवं निघतात, तशी अंडी निघतात.

पहिल्याच हंगामात संस्थेने तिथे ५० घरटी राखली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात सोडली. आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे ते काम कुणाच्या हातून झालं हे. संस्थेने गावातलीच माणसं कामाला घेतली. अंडी कुठे सापडतात हे ज्यांना सगळ्यात चांगलं ठाऊक होतं, त्यांनाच ती राखायला सांगितलं. या माणसांना पुढे 'कासवमित्र' म्हणू लागले. काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे येऊ लागले, गावातल्या घरांमध्येच उतरू लागले आणि तांदळाच्या भाकरीचे, सोलकढीचे पैसे थेट त्या घरात जाऊ लागले. जिवंत कासव गावाला अंड्यापेक्षा जास्त देऊ लागलं, आणि मग राखण कुणा एकाची राहिली नाही. हा प्रकार आंजर्ले, केळशी, गुहागर, हरिहरेश्वर अशा किनाऱ्यांवरही रुजला. वनविभाग आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान त्यात उतरले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' चित्रपटाला २०१६ सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा हे काम किनाऱ्यापासून लांबच्या घरांतही पोचलं.

परभणीच्या स्वयंसेवकाने इथे आपली जागा ओळखायची. आपल्याकडे इर्जिक असते. एकाच्या रानात शेजारीपाजारी जमतात, त्याचं काम करून देतात आणि त्याच्याच घरी जेवतात. पण कुठली पात धरायची हे रानाचा मालक सांगतो, आलेला माणूस ठरवत नाही. वेळासची वाळू हे असंच कुणाचं तरी रान आहे. आपण इर्जिकीला गेलेलो आहोत.

३. अंडं: मडकं, विरजण आणि आढी

मादी रात्री येते. भरतीच्या रेषेच्या वर चढते, मागच्या वल्ह्यांनी आळीपाळीने वाळू उपसते आणि हातभर खोल खड्डा करते. खड्ड्याचा आकार मडक्यासारखा, वर अरुंद गळा, खाली फुगीर पोट. त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते. पांढरी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पण कोंबडीच्या अंड्यासारखी टणक नाहीत. बोटाने दाबली तर किंचित दबतील अशी. मग वाळू लोटते, पोटाने थापटते आणि परत फिरते. सगळा कारभार तासाभराचा. पिल्लांचं तोंड ती पाहत नाही.

पहाटे कासवमित्र चालत निघतो. मादीचा माग म्हणजे ओल्या रानातून लहान ट्रॅक्टर वर जाऊन परत आल्यासारखी खूण. जिथे वाळू विस्कटलेली असते तिथे तो काठी हलकेच टोचून पाहतो. दाबून बसलेल्या वाळूत काठी अडते, नुकत्या भरलेल्या खड्ड्यात ती एकदम सैल उतरते. त्या जागी काठी बाजूला ठेवून तो हातांनी उकरू लागतो.

घरटं जिथे आहे तिथेच सुरक्षित असेल, तर सगळ्यात उत्तम काम म्हणजे त्याला हात न लावणं. पण भरतीचं पाणी पोचणार असेल, कोल्ही-कुत्री फिरत असतील किंवा चोरीची भीती असेल, तर अंडी उचलून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या हॅचरीत नेतात. तिथे त्याच खोलीचं आणि त्याच आकाराचं मडकं वाळूत पुन्हा खणायचं, अंडी ठेवायची, वाळू लोटायची आणि पाटी लावायची: सापडल्याची तारीख, जागा, अंड्यांची संख्या.

उचलण्याचं काम मात्र अंडी घातल्यापासून काही तासांतच उरकावं लागतं. का, ते विरजणावरून समजेल. दुधाला विरजण लावल्या लावल्या भांडं या ओट्यावरून त्या ओट्यावर नेलं तर बिघडत नाही. पण दही धरू लागल्यावर भांड्याला धक्का बसला, की ते मोडतं, पुन्हा सांधत नाही. कासवाच्या अंड्यातही पहिल्या काही तासांत गर्भ वरच्या बाजूला आतल्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं, उलटं झालं, तर तो पडदा फाटतो आणि गर्भ मरतो. बाहेरून अंडं तसंच पांढरंशुभ्र दिसतं. चूक कळते ती पन्नास दिवसांनी, पिल्लू निघत नाही तेव्हा. म्हणून अंडी उचलणारा हात शिकलेला असावा लागतो, आणि तीन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचा हात त्यापासून लांब ठेवतात. यात पाहुण्याचा अपमान काही नाही. विरजण लावलेल्या भांड्यापासून घरातल्या लेकरांनाही आपण लांबच ठेवतो.

आता आढीकडे वळू. गवतात कैऱ्या घालून आढी लावली, की मधली फळं लवकर पिकतात आणि कडेची मागे राहतात, कारण मध्ये ऊब जास्त. वाळूतल्या घरट्यालाही कुणी बसून ऊब देत नाही. उन्हाने तापलेली वाळूच अंडी उबवते. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात. वाळू गरम असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. पण ही ऊब आणखी एक गोष्ट ठरवते, आणि ती पहिल्यांदा ऐकणारा चमकतो. पिल्लू नर होणार की मादी, हेही तीच ठरवते. आपल्यात हा निर्णय गर्भधारणेच्या क्षणीच झालेला असतो. समुद्री कासवांत तो उबवणीच्या मधल्या काळात होतो. ढोबळमानाने तापमान २८ अंशांच्या खाली राहिलं तर बहुतेक नर, ३१ च्या वर गेलं तर बहुतेक माद्या आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही.

म्हणून हॅचरीची जागा, वाळू आणि सावली यांना इतकं महत्त्व. जागा फार तापली तर एका हंगामाची पिल्लं जवळजवळ सगळी माद्याच निघतील. हवामान तापत चाललं, की जगभरच्या किनाऱ्यांना हाच प्रश्न पडतो. परभणीच्या माणसाला उन्हाचं नवल सांगायला नको. पण दोन अंशांच्या फरकाने पिढीचं गणित बदलतं, हे वाळूत हात घातल्यावर वेगळं कळतं.

४. पिल्लू: शिदोरी आणि दिवा

पिल्लाच्या नाकाशी एक बारीक टोक असतं. त्याने ते टरफल फाडतं. पण हातभर वाळूखालून एकट्याने वर येणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे. सगळी पिल्लं मिळून वळवळतात, छताची वाळू खाली झडते, ती त्यांच्या पायांखाली जमते आणि तळ हळूहळू उंच होत जातो. धान्याच्या पोत्यात हलकी वस्तू पुरून पोतं हिंदकळवा, दाणे खाली सरकतील आणि वस्तू वर येईल. तसंच हे. पृष्ठभागाजवळ आल्यावर ती थबकतात. वरची वाळू गार झाली, म्हणजे रात्र झाली किंवा पहाट आहे, हे त्यांना त्या गारव्यावरून कळतं. मग सगळी एकदम बाहेर.

अंडी फुटण्याचे दिवस जवळ आले, की हॅचरीत प्रत्येक खड्ड्यावर बांबूची टोपली पालथी घालतात. सकाळी उजाडताना कासवमित्र टोपली उचलतो आणि भोवतीची कुजबूज एकदम थांबते. कधी टोपलीखाली नुसती वाळू असते. कधी वाळूत मधोमध वाटीएवढा खळगा पडलेला असतो, म्हणजे खाली हालचाल आहे. आणि कधी चाळीस-पन्नास काळी पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. एकेक पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटर लांब, वजन पंधरा-वीस ग्रॅम. तळहातावर चिंचेचं बुटूक ठेवल्यासारखं.

इथे प्रत्येक पाहुणा विचारतो: "पाणी तर समोर आहे. उचलून पाण्यातच का सोडत नाही?" पिल्लं लाटेपासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात आणि चालू देतात. या चालण्यात ती दिशा घेतात. आधी उजेडाकडे, म्हणजे उघड्या समुद्राच्या क्षितिजाकडे. मग पाण्यात शिरल्यावर लाटांच्या रोखाने, आणि पुढे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आधाराने. किनाऱ्याची ओळख याच काळात मनात ठसते आणि मोठी झालेली मादी त्या आधारावर त्याच टापूत परत येते, असं शास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, तेव्हा तिला रस्ता विचारावा लागत नाही. वाट लहानपणी पायाखालून गेलेली असते.

दुसरा मुद्दा शिदोरीचा. पिल्लाच्या पोटात अंड्यातला थोडा बलक उरलेला असतो. पहिल्या दिवसांत किनाऱ्यापासून दूर पोहत जाण्यासाठी ताकद मिळते ती याच शिदोरीतून. पिल्लू बाहेर आल्याबरोबर हातपाय मारू लागतं, मग ते समुद्रात असो की बादलीत. फोटोसाठी बादलीत तासभर ठेवलं, तर ते तासभर बादलीतच पोहत राहतं, आणि शिदोरी प्रवास सुरू होण्याआधीच सरते.

तिसरा मुद्दा उजेडाचा. पिल्लू उजळ क्षितिजाकडे जातं, हा नियम लाखो वर्षं बिनचूक होता, कारण रात्रीच्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ बाजू समुद्राचीच असायची. आता मागे हॉटेलचा दिवा असतो, गाडीचे हेडलाइट असतात, मोबाइलचा फ्लॅश असतो. पिल्लू खुशाल त्या दिशेला वळतं. म्हणून सोडताना फ्लॅश बंद, दोरीच्या मागे उभं राहायचं आणि वाळू तुडवायची नाही. आपल्या पावलाचा ठसा पिल्लासाठी आडात पडण्यासारखा असतो.

५. मग स्वयंसेवक करतो काय?

अंडी उचलायची नाहीत, पिल्लं धरायची नाहीत, फ्लॅश मारायचा नाही. नकारांची यादी लांबली. उरतं ते काम साधं, कंटाळवाणं आणि आवश्यक आहे.

पहिलं, चालणं. पहाटे किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माग शोधत. तिन्ही दिवस काहीच सापडलं नाही, तर वहीत तीन दिवस शून्य लिहायचं. शून्य हीसुद्धा नोंद असते. दुसरं, साफसफाई. वाळूत अडकलेलं प्लास्टिक आणि मच्छिमारी जाळ्यांचे तुटके तुकडे उचलणं. मादीला चढताना आणि पिल्लाला उतरताना दोन्ही वेळा ते आडवे येतात. तिसरं, गर्दी सांभाळणं. शनिवार-रविवारी आलेल्या लोकांना दोरीमागे ठेवणं आणि तोच प्रश्न पन्नासाव्यांदा विचारला तरी हसून उत्तर देणं. वरचे तीन मुद्दे, विरजण, शिदोरी आणि दिवा, समजावून सांगता येणारा माणूस इथे खरोखर कामाचा.

चौथं काम मोजणीचं. पिल्लं निघून गेल्यावर जुनं घरटं जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली उकरतात. टरफलं चिकट असतात, वास मारतात, त्यांवर मुंग्या असतात. अर्ध्याहून मोठं टरफल म्हणजे एक अंडं धरायचं, बारीक तुकडे सोडून द्यायचे. न फुटलेली अंडी वेगळी. समजा पाटीवर ११२ अंडी लिहिली आहेत आणि ८४ टरफलं निघाली, तर घरट्याचं यश ७५ टक्के. शेजारच्या रांगेत ते सतत ३० टक्के निघत असेल, तर तिथली वाळू ओली आहे का, फार तापते का, उचलताना उशीर झाला का, हे शोधता येतं. पुढच्या वर्षीची हॅचरी या वासाच्या कामातून सुधारते.

जगभर हे काम असंच उभं राहिलं आहे. आर्ची कार या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रेरणेने १९५९ मध्ये संस्था उभी राहिली आणि कोस्टारिकात तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं स्वयंसेवक वाळू तुडवत माद्या मोजत आले. चेन्नईत विद्यार्थ्यांनी १९८८ पासून स्वतःचं जाळं उभं केलं. हंगामात रात्री मुलं शहराच्या किनाऱ्यावरून चालतात.

नोंदीची ताकद कधी दिसते, त्याचं एक उदाहरण. मार्च २०२१ मध्ये गहिरमाथ्याला एका मादीच्या वल्ह्याला ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावला गेला. जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. श्रीलंकेला वळसा घालून आली असेल, तर हा मार्ग अंदाजे साडेतीन हजार किलोमीटरचा. उलट दिशेचं उदाहरण बागेश्री नावाच्या मादीचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला तिच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं, आणि ती श्रीलंकेच्या बाजूने बंगालच्या उपसागरात गेली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, ही आखणी आपण नकाशावर केलेली होती. ती मोडली या यंत्रामुळे, आणि एका बिल्ल्यावरचे पाच आकडे कुणीतरी नीट वाचून लिहून घेतल्यामुळे.

६. हजारातलं एक

हिशेब केल्याशिवाय प्रकरण पूर्ण होणार नाही. समुद्रात गेलेल्या साधारण हजार पिल्लांमधलं एखादंच मोठं होतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. मासे, पक्षी, खेकडे, जाळी, आजार यांत बाकीची जातात. वेळासच्या पहिल्या हंगामाला हा अंदाज लावू. २,७३४ भागिले हजार, म्हणजे जेमतेम तीन कासवं. ५० घरट्यांची राखण, रात्रीची जाग, पहाटेची पायपीट, आणि हाती तीन!

उदास होण्याआधी हिशेब उलट बाजूने मांडू. त्या हंगामात एका घरट्यामागे सरासरी ५५ पिल्लं पाण्यात गेली. आई-बापांच्या जागी दोन कासवं उभी राहायची, तर दोन हजार पिल्लं लागतील, म्हणजे अशी ३६-३७ घरटी. मादीने वर्षाला दोन घरटी केली असं धरलं, तरी अठराएक वर्षं. आणि अंडी घालण्याजोगं व्हायलाच तिला पंधराएक वर्षं लागतात. म्हणजे जाळ्यात गुदमरून एक मोठी मादी मेली, तर नुसतं एक कासव जात नाही. तिच्या खात्यावरची उरलेली सगळी घरटी जातात. कासव हवेत श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर ते बुडून मरतं.

यातून दोन गोष्टी कळतात. घरटी राखणं आवश्यक आहे, पण तेवढं पुरेसं नाही. आणि मच्छिमाराला शत्रू मानून हे काम होणार नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून एक योजना आहे. संरक्षित समुद्री प्राणी सोडवण्यासाठी मच्छिमाराने स्वतःचं जाळं कापलं, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं ही त्याची औतजोडी आहे. ती मोडून कासव सोडणारा माणूस किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्या आपल्यापेक्षा जास्त वाचवतो. स्वयंसेवकाने बंदरावर जाऊन हे एकदा त्याच्या तोंडून ऐकावं.

७. जाण्याआधी विचारायचे चार प्रश्न

कासवांच्या नावाने सहली आता बऱ्याच निघतात. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा.

एक: वनविभागाच्या परवानगीने काम चालतं का? ऑलिव्ह रिडलेला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वोच्च संरक्षण आहे. परवानगीशिवाय अंडी हाताळणं हा गुन्हा आहे.

दोन: राहायचं कुठे आणि पैसे कुणाला जातात? गावातल्या घरात जात असतील तर उत्तम.

तीन: पिल्लं दिसण्याची हमी देता का? 'हो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा. पिल्लं वेळापत्रक पाळत नाहीत. हमी पाळायची तर कुणीतरी ती बादलीत राखून ठेवावी लागतील.

चार: पिल्लू हातात घ्यायला मिळेल का? 'मिळेल' असं उत्तर आलं, तर नमस्कार करून फोन ठेवावा.

पिल्लांचा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. परभणीहून रेल्वेने पनवेलपर्यंत आणि पुढे रस्त्याने मंडणगडमार्गे वेळास गाठता येतं. हरिहरेश्वरच्या बाजूने गेलात तर बागमांडल्याहून सावित्रीची खाडी फेरीबोटीने ओलांडता येते. परभणीच्या माणसाने पहिल्यांदा जाताना ही बोटच घ्यावी. नदी समुद्रात कशी विरते, हे बोटीच्या कठड्याला टेकून दिसतं, आणि शेवटच्या मुद्द्यासाठी ते पाहिलेलं बरं.

८. गंगा कुठे जाते?

आपण गोदावरीला गंगाच म्हणतो. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा या गंगेला. जिंतूरच्या डोंगरावर पडलेला पाऊस असो की पाथरीच्या शिवारातला, त्याचा उतार पूर्वेला. त्र्यंबकेश्वरापासून १,४६५ किलोमीटर वाहून ही गंगा आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळ, काकीनाड्याशेजारी कोरिंगा अभयारण्य आहे आणि त्यात होप आयलंड नावाची वाळूची लांबोडी पट्टी आहे. तिथेही ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. बागेश्री गेली तो समुद्र हाच. आपलं गाव किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर दूर आहे हे खरं, पण आपल्या दारातल्या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला कासवाचं घरटं आहे.

वाटेत बंधारे आहेत, धरणं आहेत. गंगाखेडला पडलेली प्रत्येक पिशवी समुद्रापर्यंत पोचते असं नाही. बरीच वाटेतच अडकते. पण वाटेतही कासवं आहेत. गोदावरीच्या खोऱ्यात लीथच्या नावाने ओळखलं जाणारं मऊ पाठीचं मोठं कासव राहतं. भारतीय द्वीपकल्पातल्या नद्यांखेरीज ते जगात इतरत्र नाही, आणि आज ते नामशेष होण्याच्या काठावर आहे. विहिरीतलं लहान कासव उन्हाळ्यात चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट पाहतं. भरभराट व्हावी म्हणून चांदण्यांचं कासव काचेच्या पेटीत ठेवणारी घरं आपल्या शहरातही असतात. ते कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कासवाची भरभराट तर नक्कीच होत नाही.

वेळासहून परत येणाऱ्याच्या हाती एक चांगला योग असतो. कासवांचा हंगाम एप्रिलअखेर सरतो. तेव्हा गंगेचं पात्र आटलेलं असतं. घाटाखाली निर्माल्याच्या पिशव्या, बाटल्या, फाटकी जाळी उघडी पडलेली दिसतात. जूनमध्ये पहिलं पाणी आलं, की ते सगळं उचलून पुढे जाणार. मधला महिना-दीड महिना आपला. इथे विरजण मोडायची भीती नाही. पोतं घेऊन पात्रात उतरावं आणि मनसोक्त हात लावावा. वेळासला शिकलेली वही इथेही चालते: तारीख, जागा, किती पोती, त्यात काय काय.

मे महिन्याच्या उन्हात गंगाखेडच्या घाटाखाली असं कुणी वाकलेलं दिसलं, की वरून जाणारा विचारणारच, "काय करायलात?" कासवाच्या कामाला आलोय म्हटलं तर तो हसेल, इथं कुठलं कासव म्हणेल. मग त्याला सावलीत बसवून होप आयलंडचं सांगावं. आणि एक रिकामं पोतं त्याच्या हातात द्यावं.